मामा, साहेब आणि नोटीस बोर्डवरची यादी

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका मशीन शॉपमध्ये बोलण्यावरून दोन तक्रारी झाल्या. पहिली लेखी होती. दुसरी तोंडी, आणि तीही पहिलीची चौकशी चालू असताना सहज निघालेली. पहिलीतला शब्द कंपनीच्या निषिद्ध यादीत होता. दुसरीतला शब्द त्याच यादीच्या उजव्या रकान्यात, ‘हा वापरावा’ म्हणून छापलेला होता. मनात काही वाईट नव्हतं, असं दोन्ही बोलणाऱ्यांनी मला सांगितलं, आणि माझ्या मते दोघंही खरं सांगत होते.

मी कामगार कायद्याचा सल्लागार. शिवीगाळीची प्रकरणं या धंद्यात नवी नाहीत. पण शब्दावर बोट ठेवूनही निकाल लागत नाही आणि हेतू तपासूनही लागत नाही, असं प्रकरण क्वचित हाती येतं. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून हुद्दे, नाती आणि काही तपशील बदलले आहेत. वाक्यं मात्र शक्य तितकी होती तशीच ठेवली आहेत, कारण सगळं भांडण वाक्यांचंच होतं.

शॉप आणि माणसं

व्हॉल्व्हचे भाग बनवणारं युनिट. पुढच्या शेडमध्ये सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारी मशीनं, मागे हाताने चालवायचे जुने लेथ, वर पोटमाळ्यावर ऑफिस. कायम कामगार थोडे, कंत्राटी जास्त. इस्टेटमध्ये आता सगळीकडे हेच चित्र आहे.

शॉपचे सुपरवायझर बाळकुमचे. सगळे त्यांना मामा म्हणतात, शेठसुद्धा. घरची बोली आगरी, त्यामुळे सगळ्यांना सरसकट ‘तू’. शेठच्या वडिलांनाही ते ‘तू कवा आलास’ असंच विचारायचे आणि म्हाताऱ्याला त्यात काही वावगं वाटायचं नाही. नवा इंजिनियर आला की पहिल्या आठवड्यात त्याला वाटतं आपला अपमान चालला आहे. दुसऱ्या आठवड्यात तो मामांच्या डब्यातलं सुकट खात असतो.

क्वालिटीचे साहेब नौपाड्यात वाढलेले. बोलणं मोजकं, आवाज खालचा, तोंडात शिवी कधी कोणी ऐकलेली नाही. कंपनीत भाषेबद्दल प्रशिक्षण व्हावं हा आग्रह त्यांचाच होता. त्या प्रशिक्षणानंतर एचआरने नोटीस बोर्डवर दोन रकान्यांची यादी लावली. डावीकडे न वापरायचे शब्द : मेंटल, येडा, बहिरा, आंधळा, लंगडा, काही जातिवाचक शब्द आणि नेहमीच्या आईबहिणीवरच्या शिव्या, त्यातल्या काही फुल्या मारून. उजवीकडे पर्याय : मनोरुग्ण, दिव्यांग. आईबहिणीच्या शिव्यांसमोर पर्याय दिलेला नव्हता. ठाण्यातल्या शॉपमध्ये ‘येडा’ बंद करायचा म्हणजे पाळीतलं निम्मं संभाषण बंद करण्यासारखं आहे, पण यादी करणाऱ्याला ते माहीत असण्याचं कारण नव्हतं.

शिवाय तिघं : स्टोअर्स सांभाळणाऱ्या ताई, ज्यांनी लेखी तक्रार केली. लेथवरचे एक जुने टर्नर, ज्यांना लहानपणापासून फार कमी ऐकू येतं. कानाला यंत्र आहे, पण लेथ सुरू झाले की ते काढून खिशात ठेवतात, कारण यंत्र माणसाच्या आवाजाबरोबर मशीनचाही आवाज मोठा करतं. आणि एक कंत्राटी हेल्पर, नुकता कामाला लागलेला पोरगा.

पहिली तक्रार

स्टोअर्सच्या खिडकीशी हेल्पर चुकीचं इन्सर्ट, म्हणजे मशीनच्या हत्याराला लावायचं कापणारं पातं, घेऊन परत जात होता. मामांनी ते पाहिलं आणि म्हणाले, “मेंटल झायलास काय रं? चल, हायवेच्या पल्याड सोडून येतो तुला. जवलच हाय.” आजूबाजूचे हसले. पोरगाही हसला.

हायवेच्या पलीकडे काय आहे हे ठाणेकराला सांगावं लागत नाही. १९०१ साली सुरू झालेलं मनोरुग्णालय तिथे आहे. पुणे, नागपूर आणि रत्नागिरीबरोबर राज्यातल्या चार सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक. मुंबईत कोणाला वेडा ठरवायचं असेल तर ‘ह्याला ठाण्याला पाठवा’ म्हणतात. पुण्यात तेच काम येरवडा करतो, हिंदीत आग्रा आणि रांची. ठाण्यात राहून ‘ठाण्याला पाठवतो’ म्हणता येत नाही, म्हणून इथे हायवे ओलांडावा लागतो. गंमत अशी की मामांच्या दुसऱ्या वाक्यात वाईट शब्द एकही नाही. हायवे, सोडून येणं, जवळ असणं. कोणत्याही यादीत हे वाक्य सापडणार नाही.

आणि ताईंना लागलं होतं ते हेच वाक्य. ‘मेंटल’कडे त्यांचं लक्षही नव्हतं.

एचआरने मात्र तक्रार नोंदवताना ती यादीच्या मापात बसवली : ‘सुपरवायझरने मेंटल हा निषिद्ध शब्द वापरला.’ ताईंनी सही केली, कारण त्यांना वाटलं अशीच पद्धत असते. माझ्याकडे फाइल आली तेव्हा तक्रारीत तक्रारच नव्हती. ती मला ताईंशी दार लावून बोलताना कळली. त्यांचा जवळचा माणूस तिथे उपचार घेत होता. त्या दर रविवारी हायवे ओलांडून भेटायला जात होत्या. कंपनीत कोणालाही हे ठाऊक नव्हतं आणि कळू द्यायचंही नव्हतं. बहिणीच्या लग्नाचं बघणं चालू होतं, एवढं कारण त्यांनी दिलं. त्याहून जास्त मी विचारलं नाही.

थोडं ‘मेंटल’बद्दल, कारण यादीचा सगळा भर त्यावर होता. ब्रिटिश काळात या संस्थांना असायलम म्हणत. १९१२ च्या कायद्याचं नावच ‘इंडियन लुनसी अ‍ॅक्ट’, आणि त्यात ‘लुनॅटिक’च्या व्याख्येत ‘इडियट’ हा शब्द सरळ कायद्याची भाषा म्हणून बसलेला होता. पुढच्या दशकात असायलमचं मेंटल हॉस्पिटल झालं. हेतू हाच की रुग्णाला कैद्यासारखं नाव नको, दवाखान्यातल्या माणसासारखं असावं. म्हणजे ‘मेंटल’ हा त्या वेळी उजव्या रकान्यातला शब्द होता. १९८७ च्या कायद्याने लुनॅटिक काढून टाकला. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१८ च्या मे महिन्यात लागू झाला, त्यात ‘मानसिक आजार असलेली व्यक्ती’ असं लांबलचक पण नेमकं आलं. इतकं होईपर्यंत ‘मेंटल’ पोरांच्या तोंडी शिवी होऊन बसला. मतिमंद, गतिमंद, स्पेशल हा प्रवासही असाच झालेला आहे, आणि ‘काय रे, स्पेशल आहेस का’ हे मी ठाण्याच्या बसमध्ये शाळकरी मुलांच्या तोंडून ऐकलेलं आहे. ज्या गोष्टीची लाज वाटते तिला दिलेला प्रत्येक नवा शब्द काही वर्षांत मळतो. यादी करणारा कायम एक शब्द मागे असतो.

हेतू तपासायला गेलो तेव्हा

मामांचं म्हणणं सरळ होतं. “वाईट बोललो असतो तर कान पकरला असता. पोराला काम शिकवतो मी. माज्या पोरावानी हाय तो.” हे खरंही होतं. हेल्परला मायक्रोमीटर धरायला मामांनीच शिकवलं होतं, आणि कंत्राटदाराने त्याचा ओव्हरटाइम कापला तेव्हा वर ऑफिसात जाऊन भांडलेही तेच.

मग हेल्परला विचारलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “राग येऊन काय करणार सर? सगळे हसले, मी पण हसलो.” मामा चांगले आहेत का? चांगले आहेत. तू त्यांना कधी मेंटल म्हणशील का? तो माझ्याकडे बघतच राहिला. प्रश्नच चुकीचा आहे अशा नजरेने.

‘आमच्यात चालतं’ हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलं आहे आणि ते बहुतेक वेळा खरंच असतं. फक्त ते नेहमी वरच्या माणसाच्या तोंडून येतं. चालतं की नाही हे खालच्याला विचारलं तर तो ‘चालतं’च म्हणतो, कारण ‘चालत नाही’ म्हणण्याची त्याची ऐपत नसते. मामांचा जिव्हाळा खरा होता आणि पोराचं हसणं नाइलाजाचं होतं. एकाने दुसरं खोटं ठरत नाही.

न्यायालयांनी अशा बोलण्याचं काय केलं आहे ते इथे सांगायला हवं, कारण शेठचा पहिला प्रश्न ‘मेमो देऊ की नको’ हा होता. कारखान्यातली असभ्य भाषा शिस्तभंगात मोडते यावर वाद नाही. वाद असतो शिक्षेवर. १९८२ साली सर्वोच्च न्यायालयापुढे एक कामगार आला होता, वरिष्ठाशी अयोग्य भाषेत बोलला म्हणून बडतर्फ झालेला. चौदा वर्षांची नोकरी, आधीचा डाग नाही. न्यायालयाने बडतर्फी रद्द केली आणि दोन वेतनवाढी रोखण्यावर भागवलं. १९८४ मध्ये एका सिक्युरिटी इन्स्पेक्टरच्या बाबतीतही शिव्या दिल्याबद्दलची बडतर्फी धक्कादायक इतकी जड आहे असं म्हटलं गेलं. त्याउलट २००५ च्या महिंद्र अँड महिंद्र खटल्यात बडतर्फी टिकली. तिथे न्यायालयाने नोंदवलेली गोष्ट मला महत्त्वाची वाटते : शिवी एकदा नव्हे दोनदा दिली, आणि वरिष्ठाच्या हाताखालच्या लोकांदेखत दिली. शब्द घाण होताच. पण वजन पडलं ते दुसऱ्या वेळेचं आणि उभ्या असलेल्या माणसांचं.

या निकालांकडे बघताना आणखी एक गोष्ट जाणवते. बडतर्फीची जी प्रकरणं न्यायालयापर्यंत पोचतात त्यातली बरीचशी खालून वर गेलेल्या शिवीची असतात. वरून खाली आलेल्या शिवीसाठी कोणाला काढून टाकलं जात नाही, त्यामुळे तिची फाइलही होत नाही. मामांची फाइल झाली ती यादीमुळे. यादीने केलेलं तेवढंच एक चांगलं काम.

दुसरी तक्रार, जी कोणी केलीच नव्हती

टर्नर साक्षीदार म्हणून आले. खिडकीशी तेही उभे होते. मी प्रश्न कागदावर लिहून देत होतो, ते तोंडी उत्तर देत होते. मामांचं वाक्य त्यांनी ऐकलं नव्हतं, ओठांवरून अर्धं कळलं होतं. मी सहज लिहिलं : मामा तुम्हाला काय म्हणतात?

“बहिऱ्या म्हणतो. मी त्याला टकल्या म्हणतो.”

राग येत नाही? “सुरुवातीला आला होता. मग बघितलं, बोलायचं असेल तर समोर येऊन उभा राहतो. हात लावून वळवतो मला. आधी भोंगा वाजायचा, मला कळायचा नाही. त्याने लेथवर लाल दिवा लावून घेतला. तुम्हाला माझं लिहायचंच असेल तर वरच्या मीटिंगचं लिहा.”

वरची मीटिंग म्हणजे सोमवारची रिजेक्शन मीटिंग. आठवड्यात किती नग बाद झाले, कोणत्या मशीनवर, का. टर्नर जुने म्हणून त्यांनाही बसवतात. साहेब फळ्याकडे तोंड करून आकडे लिहीत लिहीत बोलतात, त्यामुळे टर्नरना ओठ दिसत नाहीत. शेवटी निर्णय घ्यायची वेळ आली की साहेब वळतात आणि म्हणतात, “आपले दिव्यांग बंधू सहमत आहेत असं धरू या.” आणि पुढच्या विषयावर जातात.

हे वाक्य मी मीटिंगची मिनिटं, म्हणजे इतिवृत्त, लिहिणाऱ्या मुलीकडून पडताळून घेतलं. तिने हसत सांगितलं, “हो, सर नेहमीच तसं म्हणतात. खूप रिस्पेक्टफुली.” मिनिटांमध्ये दर वेळी ‘सर्वानुमते’ लिहिलेलं होतं.

साहेबांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला. ते नाटक नव्हतं. “मी त्यांना बंधू म्हणतो. खाली त्यांना बहिऱ्या म्हणतात आणि चौकशी माझी?” त्यांची बाजू वाटते तितकी पोकळ नाही. ‘दिव्यांग’ शब्दाची शिफारस पंतप्रधानांनी २०१५ च्या डिसेंबरमध्ये केली, २०१६ मध्ये केंद्राच्या विभागाच्या नावात तो आला, आणि महाराष्ट्रात २०२२ पासून दिव्यांग कल्याण विभाग स्वतंत्र झाला. सरकारी कागद, पास, प्रमाणपत्र, सगळीकडे हाच शब्द आहे. अपंगांच्या काही संघटनांनी सुरुवातीलाच आक्षेप घेतला होता की शरीरातली कमतरता दैवी ठरवून आमचे हक्क गोड बोलण्यात बुडवू नका. पण एका क्वालिटी मॅनेजरने सरकारी शब्द वापरला म्हणून त्याला दोष देणं अन्यायाचंच झालं असतं. साहेब पुढे म्हणाले, “उद्या तुम्ही दिव्यांगही डाव्या रकान्यात टाकाल. मग मी काय म्हणायचं?”

एचआरच्या बाईंना वेगळीच धास्ती पडली होती : दिव्यांग कायद्याखाली गुन्हा तर होत नाही ना? २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याचं कलम ९२ लोकांदेखत, मानहानी करण्याच्या इराद्याने, हेतुपुरस्सर केलेल्या अपमानाला सहा महिने ते पाच वर्षं कैद सांगतं. कलमात शब्दांची यादी नाही, सगळा भार इराद्यावर आहे. साहेबांचा इरादा तसा नव्हता, मामांचाही नव्हता. गुन्हा होत नाही, असं मी लेखी दिलं. एवढ्यावर कंपनीला हायसं वाटलं आणि मला अस्वस्थ वाटलं, कारण फौजदारी कायद्याने नाही म्हटलं की लोक प्रकरण मिटलं असं समजतात.

शब्द पुरेसा असतो तिथे

यावरून शब्द निरुपद्रवी असतात, असं मात्र मला म्हणायचं नाही. या यादीतले जातिवाचक शब्द डाव्या रकान्यात होते ते योग्यच होतं. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा. त्यात आधी अपमानाचं कलम एकच होतं आणि ते इराद्यावर उभं होतं. २०१५ च्या दुरुस्तीने ते कलम ठेवलंच, पण शेजारी दुसरं बसवलं : लोकांदेखत जातीच्या नावाने शिवीगाळ. एका कलमात मन तपासायचं, दुसऱ्यात तोंडातून काय निघालं ते. असं का करावं लागलं हे समजायला कायद्याची पदवी लागत नाही. जातीचं नाव घेऊन हाक मारणारा प्रत्येक जण सांगतो की आमच्याकडे तसंच म्हणायची पद्धत आहे. २००८ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने हाच बचाव मोडून काढला : अशा शब्दाचा मूळ अर्थ बघायचा नाही, आज तो लोकांमध्ये कोणत्या अर्थाने फेकला जातो ते बघायचं. त्याच दिशेने राज्य सरकारने २०२० च्या डिसेंबरमध्ये वस्त्यांची जातिवाचक नावं बदलून समतानगर, भीमनगर अशी नावं द्यायचं ठरवलं. तिथे कोणी विचारलं नाही की नाव घेणाऱ्याच्या मनात काय होतं.

अशा शब्दांमागे पिढ्यांची वागणूक असते आणि शब्द उच्चारला की ती सगळी वागणूक उभी राहते. ‘येडा’ तसा नाही. ‘बहिरा’ सुद्धा, माझ्या मते, तसा नाही. तो वर्णन म्हणून साधा शब्द आहे, हाक म्हणून वाईट असू शकतो. एचआरने या सगळ्यांना एका ओळीत बसवलं आणि त्यामुळे दोन नुकसानं झाली. जातिवाचक शिवी ‘येड्या’च्या पंगतीला येऊन हलकी झाली. आणि उजव्या रकान्यातला शब्द वापरला की आपण सुटलो, अशी सोय झाली.

मग मी काय बघितलं? शब्द परत करता येतो का, एवढंच. टर्नर ‘टकल्या’ म्हणून परतफेड करू शकत होते आणि रोज करत होते. तिथे मामांचा शब्द यादीत असूनही माझ्या लेखी काही घडलेलं नव्हतं. हेल्पर परत करू शकत नव्हता, म्हणून तोच मामा, त्याच जिव्हाळ्याने बोलूनही, तिथे चुकत होता. आणि मीटिंगमध्ये टर्नर साहेबांना काय परत देणार? ‘आमचे नॉर्मल बंधू सहमत आहेत असं धरू या’? साहेबांच्या वाक्यातला ‘दिव्यांग’ तुम्ही काढून टाका, तिथे ‘आपले मित्र’ घाला, ‘आपले ज्येष्ठ सहकारी’ घाला. अपमान जागच्या जागी राहतो, कारण तो ‘धरू या’मध्ये आहे. खोलीत बसलेल्या माणसाबद्दल तृतीयपुरुषात बोलून, त्याला न विचारता, त्याची संमती परस्पर धरली जाते. हा शब्दाचा दोष नाही, हेतूचाही नाही. तो त्या खोलीतल्या जागांचा आहे : कोण फळ्याशी उभा आहे आणि कोणाकडे पाठ आहे.

२०२४ च्या जुलैमध्ये, एका हिंदी चित्रपटाविरुद्धच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने विनोदाबद्दल याच्याजवळची फोड केली होती. अपंगत्वावरचा एक विनोद समज वाढवतो, दुसरा माणसाला खाली पाडतो, आणि दोन्ही एका मापाने मोजायचे नाहीत. अपमानकारक शब्दांचा समाजावर परिणाम होतो हेही त्याच निकालात आहे. चित्रपटाला हे माप लावणं तुलनेने सोपं आहे, कारण चित्रपट एकदा बनतो आणि सगळ्यांना तोच दिसतो. शॉपमधलं वाक्य दर माणसागणिक वेगळं ऐकू येतं.

ताईंचं काय

परत करता येतो का, ही कसोटी ताईंना लागू होत नाही, हे मला पहिल्यापासून दिसत होतं. मामा त्यांच्याशी बोललेच नव्हते. त्यांना परत काही द्यायचं नव्हतं.

मामांना मी ताईंची तक्रार खरी कशाबद्दल आहे ते सांगितलं : ‘मेंटल’ राहू द्या बाजूला, ते हायवेचं बोलणं थांबवा. मामा चकित झाले. “तिला तं मी काय बोललोच नाय. तिला का लागावा? कारन सांगा, लगेच थांबतो.”

कारण सांगा, थांबतो. माणूस सरळ होता आणि मागणी रास्त दिसत होती. पण हेतूच्या बाजूने वाद घालणारे जे बघत नाहीत ते इथे आहे. मामांना माहीत नव्हतं म्हणून ते निर्दोष. त्यांना माहीत करून द्यायचं तर ताईंनी आपलं घर शॉपमध्ये उघडं करायचं. एकदा सांगितलं की मामा दोषी ठरू शकतात, न सांगितलं तर ताईंनी रोज ऐकून घ्यायचं. म्हणजे बोलणाऱ्याचा निर्दोषपणा ऐकणाऱ्याच्या गुपितावर उभा राहतो, आणि तो मोडायची किंमत प्रत्येक वेळी ऐकणाऱ्याने भरायची. मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम २३ ने उपचारांबाबतची गुप्तता हा रुग्णाचा हक्क ठरवला आहे. तो हक्क रुग्णालयापुढे आहे, सुपरवायझरपुढे नाही, हे मला कळतं. पण कंपनीच्या चौकशीने तो मागच्या दाराने मोडावा हे मला मान्य नव्हतं.

मी मामांना सांगितलं की कारण मिळणार नाही. ठाण्यात, त्या रुग्णालयाच्या इतक्या जवळ, इतकी माणसं कामाला येतात. त्यातल्या कोणाच्या तरी घरचं माणूस तिथे असणार हे गृहीत धरून बोलायचं. नाव कळायची वाट बघायची नाही. मामा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “म्हंजे तिचा कोन तरी आत हाय.” मी काही बोललो नाही. त्यांनीही पुन्हा विचारलं नाही, आणि माझ्या माहितीप्रमाणे कोणाला सांगितलंही नाही.

अहवाल

मामांना मेमो देऊ नये, तोंडी समज पुरे, आणि तेच वाक्य पुन्हा आलं तर मात्र लेखी, असं मी लिहिलं. पहिल्या वेळी माणसाला माहीत नसतं हे मानायला मी तयार आहे. दुसऱ्या वेळी मी हेतू विचारत नाही. साहेबांबद्दल शिक्षेची शिफारस नव्हती. रिजेक्शन मीटिंगचे आकडे आदल्या दिवशी छापून टर्नरना द्यावेत, फळ्याकडे पाठ करून बोलावं, आणि मिनिटांत ‘सर्वानुमते’ लिहिण्याआधी प्रत्येकाला विचारावं, इतकंच. टर्नरनी स्वतः मागितलं ते यापेक्षा कमी होतं. त्यांना फक्त छापील कागद हवा होता.

साहेबांनी दोन पानी आक्षेप पाठवला. आपली भाषा निर्दोष असताना बैठकीची पद्धत बदलायला लावणं हे चौकशीच्या कक्षेबाहेर आहे, असा मुद्दा. तांत्रिकदृष्ट्या बरोबर होता. शेठनी आक्षेप मान्य केला आणि कागद छापून द्यायला सुरुवातही केली. साहेब आता म्हणतात, “यांना विचारून घ्या.” अजून तृतीयपुरुषच आहे, पण विचारलं जातं.

हेल्परबद्दल मला काहीच करता आलं नाही. तो कंत्राटदाराचा माणूस, कंपनीचे नियम त्याला पुरते लागू नाहीत, आणि अहवाल तयार होईपर्यंत तो महाप्याला दुसऱ्या कंपनीत लागला होता.

यादी खाली उतरवा आणि जातिवाचक शब्दांपुरती वेगळी, ठळक नोटीस लावा, असं मी सुचवलं होतं. एचआरने ठळक नोटीस लावली. जुनी यादीही ठेवली, डाव्या रकान्यात ‘हायवेच्या पलीकडे’ एवढं हाताने वाढवून. ताईंनी दुसऱ्या दिवशी ती ओळ खोडून टाकायला लावली.

अहवाल शेठकडे जाण्याआधी ताईंनी वाचायला मागितला होता. त्यांनी एकच वाक्य काढायला सांगितलं, मी काढलं. शेठनी सगळा वाचून विचारलं, “ताईंना एवढं का लागलं, हे यात कुठेच नाही. त्याशिवाय हे अर्धवट वाटतं.” नाही, असं मी म्हटलं, आणि अहवाल तसाच फाइलला लागला.